अलेक्झांड्रिया, दिवस पहिला: जे नाही ते बघायला

कैरोतले टूरवाले अलेक्झांड्रिया एका दिवसात 'करून' आणतात. पहाटे गाडी, मग खांब, किल्ला, ग्रंथालय, मासे, रात्री परत कैरो. मावशीने तो कागद वाचला आणि घडी घालून माझ्या हातात दिला. "असलं करायचं असेल तर तू जा बाबा. मी इथंच झोपते." मावशी कोल्हापूरच्या शाळेत वर्षानुवर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेली. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि खरं तर तिचंच बरोबर होतं. आम्ही रामसेस स्टेशनवरून आगगाडी धरली, रात्री अलेक्झांड्रियात उतरलो आणि रम्ल स्टेशनजवळच्या एका जुन्या हॉटेलात मुक्काम टाकला. हॉटेलची लिफ्ट जाळीच्या दाराची, छत उंच, गरम पाणी आपल्या मर्जीने येणारं.

या शहराची गंमत अशी, की ज्या गोष्टींमुळे ते आपल्याला शाळेपासून माहीत असतं त्यातली एकही आज जागेवर नाही. दीपगृह भूकंपांनी पाडलं. प्राचीन ग्रंथालय नेमकं कधी आणि कोणामुळे संपलं, यावर विद्वान अजून भांडतायत. इ.स.पूर्व 331 मध्ये शहर वसवणाऱ्या अलेक्झांडरचं थडगं सापडलेलं नाही. क्लिओपात्राचा राजवाडा बंदराच्या पाण्याखाली गेला. त्यामुळे 'काय बघायचं' अशी यादी घेऊन येणाऱ्याची इथे निराशा होते. इथे जागा बघायच्या, आणि त्या जागेवर नंतर कोणी काय उभं केलं ते बघायचं.

सकाळी खिडकी उघडली तर समुद्र मातकट हिरवा आणि लाटा थेट कॉर्निशच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या रस्त्याच्या, कठड्यावर. जानेवारी महिना. कैरोत पाऊस क्वचितच दिसतो, इथे हिवाळ्यात चांगला बरसतो. खाली काउंटरवरच्या काकांनी सांगितलं की 'नव्वा' चालू आहे. हिवाळ्यात येणाऱ्या वादळांना इथे नव्वा म्हणतात, प्रत्येकीला नाव आणि साधारण ठरलेली तारीख. नोव्हेंबरात मकनसा, डिसेंबरात कासिम, जानेवारीत मोठी फैदा. आपल्याकडे मृग, आर्द्रा, हस्त असा पाऊस मोजतात तसं इथले कोळी नव्वा मोजतात, आणि त्या दिवसांत होड्या बाहेर काढत नाहीत. मावशीला हे फारच आवडलं. तिने वहीत सगळी नावं लिहून घेतली आणि स्वेटरावर स्वेटर चढवला.

न्याहारीला मागच्या गल्लीत फूल आणि तामिया. फूल म्हणजे रात्रभर मंद आचेवर शिजवलेला बाकला, मोठ्या दाण्याचं एक कडधान्य. तो ठेचून वर तेल, लिंबू, जिरं घालतात आणि गरम पावाने टिपून खातात. तामिया म्हणजे आपण ज्याला फलाफल म्हणतो ते, पण इथे हरभऱ्याऐवजी बाकल्याचं, आतून हिरवंगार, वर तीळ. दुकानातला दरफलक अरबी आकड्यांत होता, आणि तिथे मराठी माणसाची हमखास फसगत होते. त्यांचा पाच म्हणजे आपलं शून्य, गोल गरगरीत. त्यांचं शून्य नुसता ठिपका. दोन आणि तीन ओळखीचे वाटतात, सहा इंग्रजी सातासारखा दिसतो. मावशीने कागदी रुमालावर दहाही आकडे लिहून घेतले, दुकानदाराकडून तपासून घेतले आणि त्याने सगळे बरोबर असल्याची मान डोलावल्यावरच पैसे दिले. टॅक्सी, ट्राम, बाजार, सगळीकडे हा कागद उपयोगी पडला. तुम्ही जाणार असाल तर हे आधी शिका, बाकीचं अरबी नंतर.

टॅक्सी काळी-पिवळी. मुंबईत प्रीमियर पद्मिनी गेली, इथे जुन्या रशियन लाडा गाड्या अजून धावतायत. ड्रायव्हरने 'हिंद?' विचारलं आणि पुढच्या श्वासाला अमिताभ बच्चन. इथे हे होणारच, तयारी ठेवा. आम्ही करमूझ भागाकडे निघालो. शहराचा हा भाग पर्यटकांसाठी सजवलेला नाही. गॅरेजं, भंगाराची दुकानं, बाल्कन्यांवर वाळत घातलेले कपडे, आणि मध्येच एका भिंतीआड कोम एल-शुकाफाची भूमिगत दफनभूमी. सुरुवात इथूनच करा. किल्ल्याला संध्याकाळ बरी, आणि या तळघरात गर्दी होण्याआधी पोचलेलं चांगलं. तिकीट खिडकीवर रोख घेत नाहीत, कार्ड लागतं.

ही जागा 1900 साली एका गाढवामुळे सापडली असं सांगतात. गाढव चालता चालता जमिनीत गडप झालं, आणि खाली बघितलं तर खडकात कोरलेली तीन मजली दफनभूमी. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली. मधोमध एक विहिरीसारखा गोल खड्डा, त्याच्याभोवती शंभरेक पायऱ्यांचा गोल जिना. प्रेत दोरांनी मधून खाली सोडायचं आणि माणसांनी जिन्याने उतरायचं. जिन्याच्या भिंतीत झरोके ठेवलेत, म्हणजे खड्ड्यातून येणारा उजेड पायऱ्यांवर पडतो. गुडघे सांभाळत मावशी उतरली. जिना संपतो तिथे दोन्ही बाजूंना बसायला कोरलेले कोनाडे आहेत, वर शिंपल्याची नक्षी. दोन हजार वर्षांपूर्वीही कोणाचे तरी गुडघे दुखत असणार.

पहिल्या दालनाच्या डावीकडे जेवणघर आहे. खरंच जेवणघर: तीन बाजूंना खडकातच ठेवलेले रुंद ओटे, त्यावर गाद्या टाकून रोमन पद्धतीने आडवं पडून जेवायचं. गेलेल्या माणसाच्या तिथीला घरचे लोक इथे येऊन जेवत. जेवण झालं की भांडी घरी नेत नसत, त्यामुळे वर जमिनीवर खापरांचे ढीग साठले. मावशी बराच वेळ त्या ओट्यांकडे बघत उभी राहिली. "श्राद्धाचं जेवण जेवायला प्रत्यक्ष त्यांच्याकडेच यायचं. बरं आहे की," एवढंच म्हणाली.

मग मुख्य थडगं. इथे मी जितका वेळ घालवला तितका अख्ख्या दिवसात कुठे घालवला नाही. दाराशी दोन खांब, त्यांची डोकी पपायरस आणि कमळाची, म्हणजे अस्सल इजिप्शियन. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन नाग. त्यांना दाढी आहे. डोक्यावर फेरोचा दुहेरी मुकुट आहे, वेटोळ्यात ग्रीक देवाची काठी आहे, आणि वरच्या ढालीवर मेडुसाचं, ग्रीक कथांतल्या सापांच्या केसांच्या राक्षसिणीचं, तोंड. आत शिरून मागे वळून बघितलं तर दारामागे अनुबिस उभा. कोल्ह्याचं तोंड असलेला तोच मृतांचा देव, पण इथे त्याच्या अंगावर रोमन शिपायाचं चिलखत, हाताशी ढाल, कमरेला तलवार. कैरोच्या संग्रहालयात शेकड्याने अनुबिस बघून आलेल्या माणसाला हा बघताना हसू येतं आणि मग आवडतो.

समोरच्या कोनाड्यात ममी बनवण्याचं दृश्य कोरलंय. सिंहाच्या आकाराचा पलंग, त्यावर प्रेत, मागे पुन्हा अनुबिस. पलंगाखाली आतड्याबितड्यांसाठीचे रांजण. ते असायला हवेत चार. इथे तीन. कोरणाऱ्याला जागा पुरली नाही की त्याला तो विधी ऐकूनच माहीत होता, कोण जाणे. मला दुसरं जास्त शक्य वाटतं. कारण त्याच्याच खाली दगडी शवपेटीवर त्याने रोमन धाटणीचे द्राक्षांचे घोस, फुलांच्या माळा आणि बैलांची मुंडकी अशी सफाईने कोरलीत की हात कुठल्या कामात तयार झाला होता ते दिसतंच. आणि त्या शवपेट्यांची झाकणं उघडत नाहीत. झाकण आणि पेटी एकाच खडकाची. प्रेत मागच्या बोळातून भिंतीला भोक ठेवून आत सरकवत. म्हणजे समोरून सगळा देखावा, कारभार मागच्या दाराने. मावशीने यावर शासकीय कार्यालयांबद्दल एक टिप्पणी केली, ती इथे लिहीत नाही.

सगळ्यांत खालचा मजला भूजलामुळे पूर्वीपासून पाण्यात होता. वरच्या मजल्यांनाही पाणी चढत असे, ते उपसण्याची यंत्रणा 2019 मध्ये पुरी झाली. आमच्या वेळी पायाखाली कोरडं होतं, फक्त भिंतींना ओलसर वास.

तिथून पाच-दहा मिनिटांवर 'पॉम्पेचा खांब'. पॉम्पे या रोमन सेनापतीचा त्याच्याशी काही संबंध नाही. मध्ययुगात युरोपातून आलेल्या लोकांनी नाव चिकटवलं आणि ते तसंच राहिलं. खांब डायोक्लेशियन या रोमन सम्राटाच्या मानार्थ उभारला, तिसरं शतक संपता संपता, शहरातलं बंड त्याने वेढा घालून मोडलं त्यानंतर. अस्वानच्या लाल ग्रॅनाइटचा, मधला दांडा अखंड एका दगडाचा, सगळा मिळून सत्तावीसेक मीटर. दंतकथा अशी, की सम्राटाने हुकूम सोडला होता: माझ्या घोड्याच्या गुडघ्याला रक्त लागेपर्यंत कत्तल थांबवू नका. शहरात शिरतानाच घोडा ठेचकाळून प्रेतांवर गुडघ्यांवर बसला, गुडघे रक्ताने माखले आणि कत्तल थांबली. लोकांनी म्हणे घोड्याचा पुतळा उभारला. खांबापेक्षा मला त्याच्या खालचे बोगदे महत्त्वाचे वाटले. इथे सेरापिस देवाचं मोठं मंदिर होतं आणि ग्रंथालयाची एक शाखा. इ.स. 391 मध्ये मंदिर उद्ध्वस्त झालं. बोगद्यांच्या भिंतीत कोनाडे आहेत, त्यात ग्रंथांच्या गुंडाळ्या ठेवत असं मार्गदर्शक ठासून सांगतात. ठेवतही असतील.

दुपारी कोम एल-दिक्का. शहराच्या मधोमध मातीचा ढिगारा होता, 1960 मध्ये पोलंडच्या पुरातत्त्वज्ञांनी तो उकरायला घेतला आणि खाली रोमन काळातलं छोटं नाट्यगृह निघालं. संगमरवरी पायऱ्या, अर्धवर्तुळ, फोटो काढायला झकास, त्यामुळे सगळे तिथेच थांबतात. शेजारी जा. तिथे वर्गखोल्या आहेत. वीसेक खोल्या सापडल्यात, साधारण पाचव्या ते सातव्या शतकातल्या. तीन भिंतींना लागून दगडी बाकं, टोकाला मास्तरांची उंच जागा, आणि मोकळ्या मध्यभागी एक बुटका दगड. विद्यार्थ्याने त्या दगडाशी उभं राहून बोलायचं. मावशीने एक खोली नीट निरखली आणि निकाल दिला: "तोंडी परीक्षा. मागचा बाक नाहीच. कोण कुठं लपणार?" जुन्या ग्रंथालयाचं काही उरलं नाही म्हणून हळहळणारे लोक या खोल्यांवरून सरळ पुढे जातात, याचं मला नवल वाटलं. याच शहरात प्रत्यक्ष शिकवलं जायचं त्या या जागा, आणि त्या उरल्यात.

ट्रामने मनशिया चौकाकडे आलो. अलेक्झांड्रियात ट्राम 1863 पासून आहे, तेव्हा घोड्यांची. मुंबईची घोड्यांची ट्राम सुरू झाली 1874 मध्ये, आणि आपण 1964 मध्ये ती गुंडाळून मोकळे झालो. इथली रखडत, ठेचकाळत, पण होती. वेग असा, की शाळकरी पोरं चालत्या गाडीतून आरामात उतरत होती.

मनशियात मधोमध इजिप्तचा जुना शासक मोहम्मद अली याचा घोड्यावरचा पुतळा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाळात गेलेलं, जेमतेम काही हजार वस्तीचं हे गाव त्याने पुन्हा शहर केलं. 1820 मध्ये महमुदिया कालवा खणून नाईलचं पाणी इथवर आणलं, आणि त्याच पाण्यावरून कापूस बंदरात यायला लागला. इथून पुढची गोष्ट मुंबईकराला अर्धी ठाऊक असते. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. भाव कडाडला आणि पैशाचा पूर दोन बंदरांत घुसला, मुंबईत आणि अलेक्झांड्रियात. आपल्याकडे बॅकबेच्या भरणीचे शेअर, सट्टेबाज प्रेमचंद रायचंद, आणि 1865 मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. आपल्याकडे पेढ्या बुडाल्या. इथे देशच बुडाला. इजिप्तचा शासक (खेदिव) इस्माइल याने त्या तेजीच्या जोरावर कर्जं काढायला सुरुवात केली ती थांबलीच नाहीत. 1875 मध्ये सुएझ कालव्याचे शेअर ब्रिटिशांना विकावे लागले, मग सावकारांची देखरेख, मग लोकांचा उठाव, आणि 11 जुलै 1882 ला ब्रिटिश आरमाराने शहरावर तोफा डागल्या. हा चौक त्या दिवसांत जळून राख झाला.

चौकात कापसाचा बाजार, म्हणजे बूर्स, होता. त्याच इमारतीच्या सज्जातून 26 जुलै 1956 ला इजिप्तचा राष्ट्राध्यक्ष नासर बोलला. भाषणात सुएझ कालवा खणणाऱ्या द लेसेप्सचं नाव तो पुन्हा पुन्हा घेत राहिला. नाव म्हणजे इशारा होता. रेडिओला कान लावून बसलेल्या त्याच्या माणसांनी नाव ऐकताच कालव्याची कार्यालयं ताब्यात घेतली, आणि भाषणाच्या शेवटी त्याने राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. कापसाच्या पैशाने सुरू झालेलं कर्ज कापूसबाजाराच्या सज्जातून फेडलं गेलं, असं मावशी म्हणाली. शिक्षिकेला वाक्य जुळवायची खोड असते, पण हे मला पटलं. ती इमारतही आता नाही. 1977 च्या पावाच्या दंगलीत जळाली, मग पाडली. चौकात मोज्यांचे आणि मोबाइल कव्हरांचे गाडे लागले होते.

मनशियातून उत्तरेला चालत गेलं की तुम्ही जुन्या समुद्रावरून चालत असता. दीपगृह जिथे होतं ते फारोस हे बेट होतं. अलेक्झांडरनंतरच्या टॉलेमी राजांच्या काळात किनाऱ्यापासून तिथवर बांध घातला, त्याच्या दोन्ही बाजूंना शतकानुशतकं गाळ बसला आणि जमीन झाली. तिच्यावर आज बाजार, गल्ल्या, मशिदी. अबू अल-अब्बास अल-मुर्सी मशिदीत घटकाभर टेकलो. हा सूफी स्पेनमधल्या मुर्सियाचा, तेराव्या शतकातला; आजची देखणी मशीद मात्र मारिओ रोस्सी नावाच्या इटालियन वास्तुकाराने विसाव्या शतकात बांधलेली. बायकांसाठी दार वेगळं, मावशीला तिथल्या बायकांनी शेंगदाणे दिले.

आणि शेवटी कैतबाईचा किल्ला. दीपगृहाची जागा हीच. इ.स.पूर्व 280 च्या सुमाराचं ते दीपगृह, शंभर मीटरहून उंच. बांधणारा सॉस्ट्रॅटस. त्याने म्हणे आपलं नाव दगडात कोरून वर गिलावा दिला आणि गिलाव्यावर राजाचं नाव घातलं. गिलावा झडल्यावर कोण उरणार हे त्याला ठाऊक होतं. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या भूकंपांनी ते मोडलं. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता 1326 मध्ये आला तेव्हा एक बाजू पडलेली होती, 1349 मध्ये परत आला तर आत पाऊल ठेवण्याजोगंही राहिलं नव्हतं. 1477 मध्ये सुलतान कैतबाईने त्याच जागी किल्ला बांधायला घेतला आणि पडलेले दगड वापरले असं मानतात. भिंतीत मध्येच लाल ग्रॅनाइटचे खांब आडवे घातलेले दिसतात. पिवळट चुनखडीत ते लगेच डोळ्यात भरतात. उरलेलं खाली समुद्रात आहे, 1994 पासून पाण्यात बुडी मारणाऱ्या पुरातत्त्वज्ञांनी तिथे शेकडो दगड आणि पुतळे नोंदवलेत.

गच्चीवर वारा असा की बोलणं ऐकू येईना. खाली काँक्रीटचे मोठे ठोकळे रचलेत, समुद्र किल्ल्याचा पाया खातोय म्हणून. लाट त्यांच्यावर फुटून तुषार वरपर्यंत येत होते. मावशीने ओढणी कानाला गच्च बांधली आणि मला ओरडून विचारलं, "आपला पोसायडन ठाऊक आहे का तुला?" कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली ती रोमन काळातली ब्राँझची छोटी मूर्ती टाउन हॉल संग्रहालयात आहे, ती दाखवायला मावशी दरवर्षी मुलांना घेऊन जायची. रोमन माल नाईलवरून, मग तांबड्या समुद्राच्या बंदरांतून, मोसमी वाऱ्यावर सोपारा, कल्याण, चौलला उतरायचा आणि तिथून घाट चढून पैठण-तेरपर्यंत जायचा. त्या वाटेचं या बाजूचं मोठं बंदर हेच. "पोरांना नकाशावर बोट ठेवून दाखवायचे," ती म्हणाली. "समुद्र नसलेल्या गावात समुद्राचा देव कसा आला, हा माझा ठरलेला प्रश्न. पाच मार्कांचा." गच्चीवर एका शाळेची सहल आली होती. त्यांच्या बाई आमच्या बाईंसारख्याच आवाजात पोरांना कठड्यापासून मागे ओढत होत्या.

पाच वाजता बाहेर काढलं. जेवायला किल्ल्याजवळच्या अनफुशी भागातच थांबलो, तिथे बर्फावर मांडलेले मासे बोटाने दाखवायचे, किलोवर वजन करायचं आणि कसा हवा ते सांगायचं. बोई दिसली, इथे तिला बूरी म्हणतात. ती कोंड्यात घोळवून थेट आगीवर टाकतात; साल कोळशासारखी काळी होते, ती सोलली की आत पांढरं, रसाळ मांस. सोबत कांदा करपवून शिजवलेला तपकिरी भात, ताहिना म्हणजे तिळाची चटणी, मिरचीचं लोणचं. वादळात होड्या बंद, म्हणजे मासा ताजा कसा, असं मावशीने पोऱ्याला खाणाखुणांनी विचारलं. तो हसला आणि शेततळ्यांच्या दिशेने हात केला. बोई बहुतेक तळ्यातलीच येते. बिल आलं तेव्हा मावशीने आकड्यांचा कागद काढून एकेक ओळ तपासली, बरोबर निघालं. बोईला आपल्याकडच्यापेक्षा काटे कमी, असं तिचं मत पडलं. मला तसं वाटलं नाही, आणि नव्या ग्रंथालयाचं उद्याचं तिकीट सकाळचं घ्यावं की दुपारचं, यावरून आम्ही हॉटेलपर्यंत वाद घालत गेलो.